गोधडीचे तुकडे कापणारे यंत्र

थंडी पडू लागली की घरोघरी गोधड्या बाहेर निघतात. कोणी तिला गोधडी म्हणते, कोणी वाकळ म्हणते. नाव काही असो, ऊब एकच. त्या उबेत आजीचे लुगडे असते, बापाचे धोतर असते, लेकीचा जुना झगा असतो. घरातील माणसे मोठी होतात, काही निघून जातात. त्यांचे कापड मात्र गोधडीत राहते.

आमच्या मसोलीच्या वर्गात बायका संध्याकाळी लिहायला-वाचायला येतात. वाचून झाले की सुईदोरा निघतो. एके दिवशी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने वर्गाला एक यंत्र वापरायला दिले. ते यंत्र कापडाचे तुकडे कापते. सगळे तुकडे एका मापाचे, एका आकाराचे. बायका भोवती जमल्या.

एक काकी म्हणाल्या, "अगं, हे तर रसवंतीच्या चरकासारखं दिसतंय!"

काकींचे बोलणे अगदी बरोबर होते. हे यंत्र काय आहे, ते कसे वापरावे आणि ते घ्यावे की नाही, हे आज आपण पाहू या. आमच्या हातून एक चूकही झाली. तीही सांगणार आहोत. म्हणजे ती तुमच्या हातून होणार नाही.

डाय म्हणजे काय?

डाय हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. डहाणू-चिंचणीच्या पट्ट्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. त्या डायवर पत्रा ठेवून दाबला की पत्र्यावर नक्षी उठते. म्हणजे डाय हा एक साचा आहे. एकदा साचा नीट झाला की शंभर दागिने सारखे निघतात.

कापडाचा डाय थोडा वेगळा. तो नक्षी उठवत नाही, तो कापतो. एका फळीत पोलादाची धारदार पट्टी उभी बसविलेली असते. पट्टी चौकोनी वाकविली तर चौकोन कापला जातो. पानाच्या आकाराची वाकविली तर पान कापले जाते. पात्याच्या आजूबाजूला मऊ स्पंज चिकटविलेला असतो. पाते स्पंजात लपून राहते. वरून दाब आला की स्पंज दबतो, पाते वर येते आणि कापड कापले जाते. दाब गेला की स्पंज फुगतो आणि तुकडा वर ढकलतो.

पुठ्ठ्याची खोकी अशाच डायने कापतात. त्याची एक गोष्ट सांगतात. 1879 साली अमेरिकेत ब्रुकलिन येथे रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात कागदी पिशव्यांचे काम चालले होते. पिशवीला घडी पाडणारी धातूची एक पट्टी चुकून जास्त वर आली. पिशव्यांना घडी पडण्याऐवजी त्या कापल्या गेल्या. माल वाया गेला. पण गेअर विचार करू लागले. घडी पाडणे आणि कापणे ही दोन्ही कामे एकाच दाबात का करू नयेत? त्यातून पुठ्ठ्याची खोकी झटपट बनविण्याची रीत निघाली. चूक झाली म्हणून ते रडत बसले नाहीत. चुकीकडे त्यांनी नीट पाहिले.

यंत्राचे भाग

आमच्याकडे आलेले यंत्र हाताने फिरवायचे आहे. त्याला वीज लागत नाही. त्याचे भाग असे:

1. दोन रूळ. एक वर, एक खाली.
2. दांडा. तो फिरविला की रूळ फिरतात.
3. डायची फळी. तिच्यात पाते आणि स्पंज असतो.
4. प्लास्टिकची जाड पाटी. ती कापडाच्या वर ठेवायची असते.

चरकात ऊस जातो, तशी या रुळांमधून फळी जाते. फळीवर कापड, कापडावर पाटी. रूळ पाटीला दाबतात, पाटी कापडाला दाबते, कापड पात्यावर दबते. झाले काम!

एका मापाचे एवढे काय?

एका मुलीने विचारले, "कात्रीने पण कापता येतंच ना? मग यंत्र कशाला?"

प्रश्न चांगला आहे. हिशेब करून पाहू.

सुतार आणि गवंडी सूत हे माप वापरतात. एका इंचाचे आठ सूत. समजा, तुमच्या गोधडीच्या एका ओळीत दहा तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा एक सूत मोठा कापला गेला. एक सूत म्हणजे किती? नखाएवढेही नाही. पण दहा तुकड्यांचे दहा सूत झाले. म्हणजे सव्वा इंच! शेजारची ओळ बरोबर असेल तर ही ओळ सव्वा इंच बाहेर येईल. मग आपण ओढतो, ताणतो, चुण्या घालतो. गोधडी वाकडी होते.

घरी वापरायची गोधडी थोडी वाकडी झाली तरी बिघडत नाही. ऊब तेवढीच लागते. पण विकायची गोधडी सरळ असावी लागते. गिऱ्हाईक पहिल्याने कोपरा बघते.

शिवणीची जागा

दोन तुकडे जोडताना थोडे कापड शिवणीत जाते. तुकड्यांच्या कामात पाव इंच, म्हणजे दोन सूत, शिवणीसाठी ठेवतात. चौकोनाला चार बाजू असतात. म्हणून शिवून झाल्यावर सहा इंचांचा चौकोन हवा असेल, तर कापताना साडेसहा इंचांचा कापावा लागतो. डाव्या बाजूचे पाव, उजव्या बाजूचे पाव, मिळून अर्धा इंच.

डाय घेताना हे विचारून घ्यावे. "सहा इंची" म्हणजे कापल्यावर सहा की शिवल्यावर सहा? उगाच गोंधळ नको. स्वतः टेपने मोजून पाहावे.

आमची चूक

आता ती चूक सांगतो.

यंत्र आले त्याच दिवशी एक आत्या आपल्या आईचे लुगडे घेऊन आल्या. सुती लुगडे, नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेले. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. लुगडे पेटीत होते. आत्या म्हणाल्या, "आता नातीला दुपटं करते याचं. पणजीची ऊब मिळंल तिला."

सगळ्यांना घाई झाली होती. लुगड्याची आठ पदरी घडी केली. काठही घडीत आला. काठ जाड असतो हे कोणी पाहिले नाही. फळीवर घडी ठेवली, पाटी ठेवली, दांडा फिरविला. अर्ध्यावर दांडा अडला. एकीने जोर लावला. कर्र असा आवाज झाला. फळी बाहेर काढली, तर वरचे पदर कापलेले, खालचे पदर कुरतडल्यासारखे, आणि काठाजवळ कापड ओढले जाऊन फाटलेले.

आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी तुकडे पदरात गोळा केले आणि त्या बाजूला जाऊन बसल्या.

चूक आमची होती. "आधी चिंधी घालून पाहा," एवढे चार शब्द आम्ही सांगायला हवे होते. ते आम्ही विसरलो.

दुसऱ्या दिवशी एक काकी पुठ्ठ्याचा साडेचार इंचांचा चौकोन कापून घेऊन आल्या. त्यांनी आत्याला म्हटले, "बाय, मोठा चौकोन गेला, पण लहान निघंल. बघू तर खरं." दोघी दिवसभर बसल्या. फाटलेल्या तुकड्यांतून पुठ्ठ्याच्या मापाने लहान चौकोन कात्रीने काढले. शिवून चार इंचांचे झाले. दुपटे झाले. थोडे लहान झाले, पण झाले.

त्या दिवसापासून आम्ही वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: आधी चिंधी, मग लुगडे.

कापडाची तयारी

1. कापड धुऊन घ्या. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी धुतले नाही तर शिवल्यावर आटेल आणि गोधडीला चुण्या पडतील.

2. बटण, हूक, टाचणी, टिकली, जर काढून टाका. काठ वेगळा करा. कठीण वस्तूवर पाते आपटले की त्याची धार जाते.

3. मऊ झालेल्या कापडाला भाताच्या पेजेची पातळ खळ द्या. वाळवून इस्त्री करा. कडक कापड सरकत नाही आणि साफ कापले जाते. पावसाळ्यात दमट कापड घालू नका. उन्हाची वाट पाहा.

4. धागा ओळखा. साडीच्या काठाबरोबर लांबीला जातो तो उभा धागा. रुंदीला जातो तो आडवा धागा. हाताने ओढून पाहा. उभे ओढले तर कापड फारसे ताणत नाही. आडवे थोडे ताणते. तिरपे ओढले तर सर्वांत जास्त ताणते. तुकडा तिरपा कापला गेला तर शिवताना तो लांबतो.

5. सुरुवात सुती कापडाने करा. गुळगुळीत साडी रुळाखाली सरकते. हात बसल्यावर ती घ्या.

घडी कशी करावी?

साडेसहा इंचांचा चौकोन कापायचा आहे. त्यासाठी सात इंच रुंदीची पट्टी घ्या. सुती कापड टरकावले की धाग्याला धरून सरळ फाटते. पट्टीची लांबी 42 इंच ठेवा. आता ही पट्टी पंख्यासारखी पुढे-मागे दुमडा. दर सात इंचाला एक दुमड. सहा साती बेचाळीस. सहा पदर झाले.

सात इंच का? साडेसहा का नको? कारण दुमडीची कडा पात्याच्या बाहेर राहिली पाहिजे. कडा आत राहिली तर तुकडे एकमेकांना चिकटून येतील. चारी बाजूंनी पाव इंच कापड बाहेर राहू द्या.

सहा पदरांपेक्षा जास्त घेऊ नका. पहिल्या वेळी दोनच पदर घ्या. कापड जाड असेल तर पदर कमी करा. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर किती पदर चालतात ते लिहिलेले असते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तो कागद स्वतः वाचा. वाचता न आले तर वर्गात घेऊन या.

कापण्याची रीत

1. यंत्र पक्क्या, सपाट जागी ठेवा. हलणारे स्टूल नको.

2. डायची फळी स्पंज वर करून ठेवा.

3. घडी पात्याच्या आकारावर ठेवा. कापडाचा धागा पात्याच्या सरळ कडेला समांतर हवा. उभा धागा फळी ज्या दिशेने सरकते त्या दिशेला ठेवा, म्हणजे रुळाखाली कापड कमी ताणते.

4. वर प्लास्टिकची पाटी ठेवा. ती सर्व पाते झाकील अशी हवी.

5. फळीचे टोक रुळाला लावा. दुसऱ्या हाताने दांडा सावकाश फिरवा. फळी आत ओढली जाऊ लागली की फळीवरचा हात काढून घ्या.

6. फळी दुसऱ्या बाजूने बाहेर आली की पाटी उचला. तुकडे काढून घ्या.

7. दांडा अडला तर जोर लावू नका. उलटा फिरवून फळी मागे घ्या. दोन पदर कमी करा आणि पुन्हा करा.

हात सांभाळा

रुळाला डोळे नसतात. कापड कोणते आणि बोट कोणते, हे त्याला कळत नाही. म्हणून पदर खोचून घ्या. केस बांधा. सैल बांगड्या मागे सारा. फिरविणारी एक आणि पलीकडून फळी घेणारी दुसरी असेल, तर घेणारीने रुळापासून वीतभर लांब उभे राहावे. दोघींनी बोलून काम करावे. "फिरवू का?" "फिरव." असे बोलल्याशिवाय दांडा हलवू नये.

स्पंज बोटाने दाबून पाहू नका. खाली पाते आहे. मुलांना जवळ येऊ देऊ नका. काम झाले की डाय उंच फळीवर ठेवा.

पहिले काम: बाळाचे दुपटे

मोठ्या गोधडीला एकदम हात घालू नका. आधी दुपटे करा. पाच चौकोन आडवे, सहा चौकोन उभे. पाच सक तीस. तीस चौकोन हवेत. एका रंगाचे पंधरा आणि दुसऱ्या रंगाचे पंधरा.

पाच पदरी घडी घाला. एका फेरीत पाच चौकोन निघतील. तीन फेऱ्यांत पंधरा. दोन्ही रंगांच्या मिळून सहा फेऱ्या. शिवून झाल्यावर दुपटे 30 इंच रुंद आणि 36 इंच लांब होईल.

शिवण्यापूर्वी एक परीक्षा करा. तीन चौकोन एका ओळीत जोडा आणि इस्त्री करा. आता टेपने मोजा. पूर्ण ओळ साडेअठरा इंच भरली पाहिजे. मधला चौकोन बरोबर सहा इंच हवा. ओळ कमी भरली तर शिवण खोल गेली आहे. जास्त भरली तर शिवण कडेला गेली आहे. यंत्राने कितीही चांगले कापले तरी शिवण चुकली की माप चुकते. हे विसरू नका.

यंत्राची निगा

कामानंतर स्पंजात आणि पात्याजवळ धागे अडकतात. ते दाताच्या काडीने काढा, बोटाने नको. रूळ कोरड्या फडक्याने पुसा. प्लास्टिकच्या पाटीवर पात्याच्या खुणा पडतात. म्हणून दर वेळी पाटी उलटी करा, फिरवा. एकाच जागी खूप चरे पडले की तिथे कापड नीट कापले जात नाही आणि पाटी वाकते. पाटी आडवी ठेवा, उन्हात ठेवू नका. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आहे. पाते लवकर गंजते. डाय कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावा.

यंत्र घ्यावे का?

आता खरा प्रश्न. यंत्र पाहिले की ते घ्यावेसे वाटते. बचत गटात पैसे असतात, कर्जही मिळते. पण आधी कागद-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट. एका आकाराला एक डाय लागतो. चौकोनाचा वेगळा, त्रिकोणाचा वेगळा. पाटी झिजते, ती पुन्हा घ्यावी लागते. हा सगळा खर्च धरा.

दुसरी गोष्ट. यंत्र थोडे कापड वाया घालविते. सात इंचांच्या चौकोनातून साडेसहाचा तुकडा निघतो. सातातला जवळजवळ एक भाग कतरणीत जातो. कतरण टाकू नका, उशीत भरा. पण हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट. यंत्र फक्त कापते, शिवत नाही. गोधडीचा खरा वेळ धावदोऱ्यात जातो. हाताने टाके घालायला अनेक दिवस लागतात. कापण्याचा वेळ वाचला म्हणून गोधड्या दुप्पट होणार नाहीत.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. समजा, यंत्र, डाय आणि पाटी मिळून 20,000 रुपये लागले. दर गोधडीमागे 100 रुपये बाजूला टाकता आले. मग 200 गोधड्या विकल्यावर पैसे फिटतील. गट महिन्याला चार गोधड्या करीत असेल तर 50 महिने लागतील. म्हणजे चार वर्षे आणि दोन महिने! गट महिन्याला वीस दुपटी विकत असेल तर दहाच महिने लागतील. व्याज असेल तर आणखी लागतील. यंत्र तेच, पण एका गटाला ते ओझे आहे आणि दुसऱ्या गटाला आधार आहे.

म्हणून आम्ही असे सांगतो. घरच्या गोधडीला यंत्र लागत नाही. जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा घाला. थोडे तुकडे लागत असतील तर जाड पुठ्ठ्याचा चौकोन करा. खडूने आखा आणि कात्रीने कापा. आत्याचे दुपटे पुठ्ठ्यानेच वाचविले, हे लक्षात ठेवा. एकाच मापाचे काम पुष्कळ मिळू लागले, गिऱ्हाईक ठरले, तरच दोन-तीन गटांनी मिळून यंत्र घ्यावे. घेण्यापूर्वी आपले कापड नेऊन ते समोर कापून पाहावे.

आत्या आता वर्गातल्या बायकांना घडी घालायला शिकवितात. नवी बाई आली आणि तिने पेटीतले लुगडे काढले, की आत्या आधी तिच्या हातात एक चिंधी देतात. मग भिंतीवरचे अक्षर वाचायला सांगतात.

कठीण शब्द

सूत – इंचाचा आठवा भाग.
पदर – येथे अर्थ: घडीतील एक थर.
खळ – कापड कडक करण्यासाठी लावलेली पेज.
कतरण – कापून उरलेले बारीक कापड.
धावदोरा – सरळ ओळीत पुढे जाणारा टाका.

उत्तरे लिहा

1. शिवल्यावर चार इंचांचा चौकोन हवा असेल तर तो किती इंचांचा कापावा?
2. आत्याचे लुगडे का फाटले? तीन कारणे लिहा.
3. बारा तुकड्यांच्या ओळीत प्रत्येक तुकडा एक सूत मोठा झाला, तर ओळ किती इंच वाढेल?
4. तुमचा गट महिन्याला किती गोधड्या करतो? वर दिल्याप्रमाणे तुमच्या गटाचा हिशेब वहीत करा आणि वर्गात वाचून दाखवा.